खांद्यातली काळी खुंटी

१

हात वर गेला आणि खाली आलाच नाही.

हालेवीच्या सभागृहात त्या शनिवारी सकाळी अर्धं गाव जमलं होतं. ठोकळा मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं. खाडीवरचा फेब्रुवारीचा वारा दार उघडलं की आत घुसत होता, कॉफीच्या किटल्या भराभर रिकाम्या होत होत्या, आणि मधल्या टेबलाभोवती माणसं टाचा उंचावून उभी होती. टेबलावर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं एक घर होतं. लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, उघडं निळं दार आणि उंबऱ्यात एप्रन घातलेली एक बाई. घराच्या कुशीला एक मूठ होती. ती फिरवली की बाईनं हात हलवून निरोप द्यायचा आणि मग दार लावून घ्यायचं, असा सगळा बेत होता.

ती बाई म्हणजे सिसेल, थोर्किलची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोर्किल स्वतः चाकांच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर घोंगडी, चेहरा मेणासारखा. एके काळी तो खाडीच्या फेरीबोटीचा कप्तान होता. पुढे पूल झाला, बोट बंद पडली, आणि रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून त्यानं ठोकळे धरले. आता पोटातल्या दुखण्यानं त्याला अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात आणून ठेवलं होतं. हे घर त्याचं अखेरचं काम, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही.

त्यानं मूठ फिरवली. आत दातेरी चाकं कुरकुरली आणि सिसेलचा हात वर गेला. वरच राहिला. थोर्किल मूठ फिरवत होता, चाकं फिरत होती, पण हात तसाच आभाळाकडे आणि दार सताड उघडं.

"जोर लाव की, कप्तान!" मागून कुणी तरी ओरडलं, आणि दोघं-तिघं हसले. थोर्किलनं मूठ सोडली तेव्हा त्यांचं हसू विरलं.

"शुक्रवारी इथं ठेवलं तेव्हा चालत होतं," तो म्हणाला. "माझ्या सिसेलला कुणी तरी हात लावलाय. एनोक, चल. मला इथून ने."

एनोक हा त्याचा बोटीवरचा जुना खलाशी. त्यानं खुर्ची वळवायला घेतली, पण रोज ढकलायची ती खुर्ची त्याला त्या दिवशी नीट वळवता येईना. माणसांनी वाट करून दिली. एका बाजूला थोर्किलची मुलगी टोवे उभी होती. ती पुढे झाली. बापानं मान फिरवली.

कॉफीच्या टेबलामागे उभी असलेली दाग्नी हे सगळं पाहत होती. ती मंडळाची चिटणीस. तिला स्वतःला ठोकळ्यांचं फारसं काही जमत नसे. चिटणीसपद दुसरं कुणी घेईना म्हणून तिच्या गळ्यात पडलं होतं. नोकरी सगळी चर्चच्या कचेरीत गेली. कुणी वारलं की त्या घरी जायचं, टेबलाशी बसायचं आणि विचारायचं, गेलेल्या माणसाबद्दल काय सांगू या? माणसं मग बोलत, आणि ती ऐकून घेई. तेवढंच एक काम आपल्याला येतं, असं तिला वाटायचं.

तिच्या हातातला पेला तसाच राहिला. शुक्रवारी मांडामांडीच्या वेळी या सभागृहात थोर्किल सोडला तर चारच माणसं होती, आणि त्यांतली एक ती स्वतः होती.

२

"बस," थोर्किल म्हणाला. "इथली कॉफी म्हणजे गरम पाणी आहे. तरी घे."

सोमवारी शुश्रूषागृहाच्या खिडकीबाहेर राखाडी खाडी पसरली होती. दाग्नीनं खुर्ची ओढली.

"कोण असेल, असं वाटतं तुला?"

"वाटायचं काय त्यात? टोवे."

"तुझी टोवे?"

"दुसरी कुठली आहे का गावात? शुक्रवारी टेबलांवर कापडं घालायला आली होती. मूठ फिरवून बघितली आणि मला म्हणाली, 'बाबा, आई अशी नव्हती.' बस, एवढंच. ती आधीपासून आईच्या बाजूची. मी सिसेलला खडूस दाखवलं, असं वाटलं असेल तिला. अगं, मी पदरचं काही घातलं नाही. होतं तसं बांधलं."

"कसं होतं?"

थोर्किलनं डोळे मिटले. "घर धक्क्यालाच. पहिली फेरी उजाडायच्या आधी. दोर सुटला की मी एकदा मागं बघायचो. दारावरच्या दिव्याखाली ती उभी, हात वर. मग लगेच पाण्यातला वाळूचा दांडा लागायचा. तिथं प्रवाह असा ओढतो, की मान वळवली तर बोट गेलीच म्हणून समज. दांडा ओलांडला की पुन्हा मागं बघायचो. दार बंद. रोज, दाग्नी! लग्न झाल्यापासून बोट बंद होईपर्यंत रोज. माश्या हाकलाव्यात तसा हात हलवायची आणि आत. एक दिवस तरी थांबली असती."

"तिला कधी विचारलं नाहीस?"

"काय विचारणार? थांबत का नाहीस म्हणून? मी काय लहान पोर होतो?" त्यानं घोंगडी वर ओढली. "मग मीही घरी आल्यावर फार बोलत नसे. तिला नको, तर मला तरी कशाला? निभलं आपलं तसंच."

दाग्नीनं पेला खाली ठेवला. "टोवेला विचारलंस तरी?"

"नाही, आणि विचारणारही नाही. तिला आत सोडू नका, असं इथल्या बाईंना सांगून ठेवलंय. मी गेल्यावर ये म्हणावं."

"थोर्किल, असं नको करूस. ती नसेल तर?"

"मग कोण ते शोधून आण. तोवर माझं दार बंद."

बाहेर ओसरीत शुश्रूषागृहातली परिचारिका औषधांची गाडी लावत होती. दाग्नीनं तिला हळूच विचारलं, प्रदर्शन येत्या रविवारी संपतं, तोवर हा राहील ना?

परिचारिकेनं तिच्याकडे नीट पाहिलं. "रविवार लांब आहे," ती म्हणाली.

३

"ये, ये. गुन्हेगाराच्या घरी तुझं स्वागत आहे," गोर्म सभागृहाचं कुलूप काढत म्हणाला. हा मंडळाचा अध्यक्ष. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. "बेकरीतली बाई मला पाव देताना तोंड फिरवते. माझी ठोकळ्यांची क्रेन कोपऱ्यात ढकलून थोर्किलचं घर मध्ये ठेवलं, म्हणून मीच केलं म्हणे! किल्लीही माझ्याकडे. झालं, लटकवा मला."

"तू केलंस का?"

"अगं, मला बिघडवायचंच असतं तर मूठ काढून खिशात घातली असती आणि निवांत कॉफी प्यायलो असतो. हे बघ."

त्यानं छप्पर अलगद उचललं आणि भिंत सुटी केली. आतलं यंत्र उघडं पडलं. दाग्नीला अशा गोष्टी पटकन कळत नसत. तिनं तसं सांगूनही टाकलं.

"सोपं आहे. मूठ फिरली की ही आडवी दांडी फिरते. तिच्यावर हे चाक आहे, एका बाजूला उंचवटा असलेलं. उंचवटा वर आला की हाताला खालून ढकलतो. हात वर. उंचवटा सरकला की हात आपल्या वजनानं खाली. म्हणून हात हलल्यासारखा दिसतो. पण त्यासाठी खांद्यात कुठली खुंटी हवी?"

गोर्मनं डबीतून दोन इवल्या खुंट्या काढून तिच्या तळव्यावर ठेवल्या. एक राखाडी, एक काळी.

"राखाडी गुळगुळीत असते. भोकात घातली की सैल फिरते. काळीच्या अंगावर बारीक कंगोरे असतात, ती धरून ठेवते. जे पडायला हवं तिथं राखाडी, जे अडून राहायला हवं तिथं काळी. थोर्किलनं खांद्यात राखाडी घातली होती, माझ्या समोर. आता बघ."

सिसेलच्या खांद्यात काळी खुंटी होती.

"म्हणून हात वर गेला तो तिथंच अडकला," दाग्नी म्हणाली. "आणि दारातही काळीच घातली असेल."

"नाही ना! तीच तर गंमत आहे." गोर्मनं नाकावर चष्मा चढवला. "दाराची उभी दांडी बघ. अधिकच्या चिन्हासारखी, चार कडांची. दार ज्या तुकड्यावर बसवलंय त्यालाही तसंच चौफुली भोक होतं, म्हणून दांडी फिरली की दारही फिरायचं. आता तो तुकडा बदललाय. गोल भोकाचा घातलाय. दांडी आतल्या आत गरगर फिरते आणि दार हलत नाही."

"म्हणजे खांदा घट्ट केला आणि दार सैल केलं."

"बरोबर. आणि दोन्ही कामं अशी सफाईदार, की मलाही खालून दिवा धरल्याशिवाय दिसेना."

"शुक्रवारी थोर्किलखेरीज आपण चौघं होतो. तू, मी, टोवे आणि एनोक."

"तुला तर खुंटी उलटी-सुलटी कळत नाही, राग मानू नकोस. आणि एनोकच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीच दोरखंडानं नेली. तो डब्यांत रंग वेगळे करतो, बांधत नाही. उरली टोवे. ती लहानपणी स्पर्धा जिंकायची, माहीत आहे ना?"

दाग्नी त्या बाहुलीकडे बघत होती. बिघाड करणारा माणूस रागावलेला असतो. तो उपटतो, मोडतो, नाही तर सगळंच एकजात आवळून टाकतो. इथं दोन सांध्यांना दोन वेगळ्या गोष्टी केल्या होत्या, एकमेकींच्या उलट. आणि दोन्हींमधून एकच गोष्ट साधली होती.

"गोर्म," ती सावकाश म्हणाली, "याला बिघडवायचं नव्हतंच. बाईनं हात वर धरून, दार उघडं ठेवून उभं राहावं, असंच त्याला हवं होतं."

४

पुलावरून पलीकडच्या काठाला जाणारी बस टोवे चालवायची. दाग्नी शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. बाकीची माणसं उतरली. टोवेनं इंजिन बंद करून डबा उघडला. काळ्या पावावर यकृताची चटणी आणि वर काकडी.

"बाबानं पाठवलं ना तुला?" ती म्हणाली. "माझ्याकडून पाप कबूल करून घ्यायला?"

"मी माझी आले."

"मी रोज त्या शुश्रूषागृहासमोरून गाडी नेते. जाताना आणि येताना. खिडकी दिसते. आत जायला मला बंदी. बाबा मरतोय आणि मी तिकिटं तपासतेय." तिनं पाव तसाच डब्यात ठेवला. "दाग्नी, मी त्या घराला हात नाही लावला. मूठ तेवढी फिरवली एकदा."

"'आई अशी नव्हती' म्हणालीस."

"म्हणाले. नव्हतीच तशी. धाडकन दार लावणारी. त्या बाहुलीकडे बघवेना मला."

"मग कशी उभी राहायची ती?"

टोवे गोंधळली. "ते मला काय माहीत? मी झोपलेली असायचे. बोट गेली की ती आत यायची आणि मला शाळेसाठी उठवायची. मानेवर हात ठेवून." तिच्या चेहऱ्यावर हसू उमटलं आणि लगेच डोळे भरून आले. "बर्फ असायचा नुसता! मी किंचाळायचे. मग दुसरा हात ठेवायची, तो मस्त ऊबदार. मी नावं ठेवली होती त्यांना. उजवा हात हिवाळा आणि डावा उन्हाळा."

"रोज उजवाच गार?"

"रोज. डावा एप्रनच्या खिशात असायचा म्हणून गरम, असं ती म्हणायची. उजव्याचं विचारलं की सांगायची नाही. का गं?"

दाग्नीनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"टोवे, हे तू कधी बाबाला सांगितलंस?"

"आमच्या घरात कोण कुणाला काय सांगायचं?" टोवे म्हणाली आणि इंजिन चालू केलं.

५

परत येताना दाग्नी जुन्या धक्क्यावर उतरली. फेरीघर आता उन्हाळी पाहुण्यांना भाड्यानं देतात. खिडक्यांना फळ्या लावल्या होत्या. ती उंबऱ्यावर उभी राहिली. कुणी बघत नाही ना, म्हणून इकडे-तिकडे पाहिलं, हातमोजा काढला आणि उजवा हात वर केला. डावा कोटाच्या खिशात.

पाण्यात वाळूचा दांडा पिवळट रेघेसारखा दिसत होता. धक्क्यावरून निघालेली बोट तिथवर जायला किती वेळ लागेल, याचा ती अंदाज घेत राहिली. वारा बोटांत शिरला. आधी टोचलं, मग दुखलं, मग बोटं आपली वाटेनाशी झाली. काल्पनिक बोट अजून निम्म्यातच होती.

माश्या हाकलल्यासारखा हात हलवून आत गेलेल्या बाईचा हात गार पडत नाही.

थोर्किल दोनदा मागं बघायचा. दोर सुटताना आणि दांडा ओलांडल्यावर. पहिल्या वेळी हात वर, दुसऱ्या वेळी दार बंद. या दोन नजरांच्या मधे काय होतं ते त्यानं मनानं भरलं होतं, आणि चुकीचं भरलं होतं. सिसेल हात खाली न करता उभी असायची, बोट दांड्यावरून पार होईपर्यंत. पार झाली की आत. म्हणजे नेमकं त्याच क्षणी, जेव्हा नवरा वळून बघणार.

दाग्नीनं हात खाली घेतला आणि मोजा चढवला, तेव्हा पुढचा प्रश्न तिच्यासमोर उभा राहिला. ज्यानं ती बाहुली बदलली त्याला हे माहीत होतं. कसं? थोर्किल सुकाणूघरात, तोंड पुढे. टोवे अंथरुणात. गोर्म तर या गावात पूल झाल्यावर राहायला आलेला. पहिल्या फेरीला उतारू असत ते गारठलेले, आतल्या बाकांवर पेंगणारे.

बोट धक्क्यापासून सुटते तेव्हा पाठीमागचा दोर कुणी तरी ओढून गुंडाळून ठेवावा लागतो. तो माणूस बोटीच्या मागच्या टोकाला उभा असतो. त्याचं तोंड सगळा वेळ घराकडे असतं.

६

एनोक बंदराजवळच्या आपल्या खोलीत कोळंबी सोलत बसला होता. शनिवारपासून तो घराबाहेर पडला नव्हता. सर्दी झाली, असं दारातच म्हणाला. बारीक, करंगळीच्या नखाएवढ्या खाडीतल्या कोळंब्या. डाव्या हातानं उचलायची आणि उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी एका झटक्यात कवच काढायचं. दाग्नी त्या बोटांकडे बघत राहिली. टाचणीएवढी खुंटीही या बोटांतून सुटणार नाही.

"खाशील का? पावाला लोणी लाव."

"नको. थोर्किलकडे गेला नाहीस इतक्यात?"

"सर्दी झालीय म्हटलं ना. आजारी माणसाकडे कशाला न्या?" कोळंब्या पडत राहिल्या. "गोर्मचं वाईट वाटतं. लोक त्याला बोलतात. पण त्याची पाठ रुंद आहे."

"गोर्मचं नाही, एनोक. थोर्किलला वाटतं टोवेनं केलं. तिला आत सोडू नका म्हणून सांगून ठेवलंय त्यानं."

एनोकची बोटं थांबली.

"टोवेला?"

"शनिवारपासून. परिचारिका म्हणते, रविवार लांब आहे."

त्यानं हातातली कोळंबी परत भांड्यात ठेवली, सोललेल्यांत की न सोललेल्यांत हे न बघता. मग हात फडक्याला पुसले.

"मला वाटायचं त्याला माहीत आहे," तो शेवटी म्हणाला. "एवढी वर्षं मला वाटायचं त्याला माहीत आहे. नवऱ्याला माहीत नसेल, असं कुणाच्या डोक्यात येईल का? मी दोर गुंडाळायचो आणि ती तिथं उभी. पाऊस असो, बर्फ असो. हात असा, ताठ. एकदा ताप होता तिला, तरी उभी. बोट दांड्यावरून गेली की हात खाली, दार बंद. तिचा भाऊ त्याच दांड्यावर बुडून गेला होता ना, लहानपणी. आता थोर्किलनं मला ते घर दाखवलं, मूठ फिरवली, आणि म्हणाला, 'बघ, अशीच होती की नाही, झट की पट?' मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. मला वाटलं थट्टा करतोय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की कप्तान, तुझी बायको उभी असायची आणि तू तिच्यावर उगाच रुसून जन्म काढलास? मरायला टेकलेल्या माणसाला? मला बोलता येत नाही, दाग्नी. मला वाटलं, तो मूठ फिरवेल, हात वर राहील, दार उघडं राहील, आणि त्याचं त्याला कळेल. हळूच. कुणाला दिसणार नाही असं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्याला वाटलं मोडलं."

दाग्नीनं विचारलं, कारण विचारायचंच होतं. "ती तुला बघून कधी हात करायची का?"

"एकदा मीच केला. पहिल्या वर्षी. ती मला बघतच नव्हती. सुकाणूघराकडे बघत होती." एनोक उठला आणि खुंटीवरचा कोट काढू लागला. "त्यानंतर मी मान खाली घालून दोर गुंडाळायचो. दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं वाटायचं. पण दांडा ओलांडेपर्यंत थोडं दिसायचंच."

७

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस," थोर्किल म्हणाला. आवाज दोन दिवसांत निम्मा झाला होता.

"मी कधी तुला बरं वाटावं म्हणून काही बोललोय का, कप्तान?" एनोक पलंगाच्या पायाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

थोर्किलनं दाग्नीकडे पाहिलं. तिनं मग सगळं क्रमानं सांगितलं. एक सांधा घट्ट, एक सैल. हे मोडणाऱ्याचं काम नव्हे. टोवेला उठवणारे दोन हात, त्यांतला उजवाच रोज गार. आणि दोन नजरांच्या मधली ती जागा, जिथं फक्त मागच्या दोरापाशी उभा असलेला माणूस पाहू शकत होता. ती बोलत असताना खिडकीबाहेर पाण्यावर ऊन पडलं आणि गेलं. थोर्किलनं मधे एकदाही तिला अडवलं नाही.

"पावसातही?" त्यानं विचारलं.

"पावसातही," एनोक म्हणाला.

"तिला ते फ्लूचं आजारपण आलं, त्या हिवाळ्यात?"

"तेव्हाही. शाल घेऊन."

"दांडा ओलांडला की मी मागं बघायचो."

"हो. आणि दांडा ओलांडला की ती आत जायची. तिचं काम झालेलं असायचं."

थोर्किलनं खिडकीकडे मान वळवली. "म्हणजे मी जरा आधी बघितलं असतं..."

"आधी बघितलं असतंस तर आपण सगळे दांड्यावर गेलो असतो."

"खरं आहे," थोर्किल म्हणाला. कप्तान म्हणून त्याला ते मान्य करावंच लागलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मग तिला काय वाटत असेल? मी पुढंच बघत गेलो. तिला वाटलं असेल, हा माणूस एकदा वळून बघतो आणि विसरतो."

याचं उत्तर ज्या बाईकडे होतं तिच्या दफनाची नोंद दाग्नीनंच केली होती, आणि त्या दिवशी या माणसाला तिनं विचारलंही होतं, सिसेलबद्दल काय सांगू या? तो म्हणाला होता, कामसू होती, एवढंच म्हणा.

"एनोक," थोर्किल म्हणाला, "तू गाढव आहेस. मला तोंडानं सांगायचं होतंस."

"आहेच मी."

"सिसेल गेली नव्हती तेव्हा सांगायचं होतंस."

एनोकनं टोपी घातली, पुन्हा काढली, आणि पाठ वळवून ओसरीत जाऊन बसला.

टोवेला दाग्नीनं थांब्यावरूनच आणलं. ती बस-चालकाच्या निळ्या जाकिटात, धापा टाकत आत आली आणि पलंगापासून दोन हात लांबच थबकली, बोलावणं खरंच आपल्याला आहे की नाही याची खात्री नसल्यासारखी.

"ये, पोरी," थोर्किल म्हणाला. "बस. तू नाही केलंस ते कळलं मला. मी चुकलो."

"असू दे, बाबा."

"नाही, असू दे नाही." त्यानं दम खाल्ला. तिचा हात शोधला, धरला, तळवा उलटा करून पाहिला, मग पुन्हा सरळ केला. "मला एक सांग. तुला माहीत आहे म्हणून विचारतो. तुझी आई कशी होती गं?"

टोवे त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला लावलं आणि खुर्ची पलंगाला टेकेपर्यंत पुढे ओढली.

दाग्नीनं बाहेर येऊन दार ओढून घेतलं. ओसरीतल्या बाकावर एनोक बसला होता. ती त्याच्याशेजारी बसली.

"काय म्हणतो?"

"टोवेला विचारतोय, सिसेल कशी होती."

"मग वेळ लागेल," एनोक म्हणाला.

वेळ तेवढा उरला नव्हता. ते दोघांनाही ठाऊक होतं. आतून टोवेचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मधेच ती हसली. थोड्या वेळानं थोर्किल काही तरी विचारताना ऐकू आला, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.